गाळलेलं वाक्य

सुजितनं पाठवलेला फोटो आला तेव्हा कमळबाई मागच्या पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी चष्मा लावला. फोटो एका पत्राचा होता, वहीचं पान फाडून लिहिलेल्या. खाली सुजितनं लिहिलं होतं, ‘बाई, सलाम. तुमच्या लेखाचं फळ बघा. पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांत छापतोय.’

सुजित गायकवाड पुण्यात राहायचा आणि त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचं मासिक संपादित करायचा. हजारभर प्रती निघत. कमळबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, त्यात दर महिन्याला एक पान लिहीत होत्या. मुरूडच्या चर्चमधली पंचवीस-तीस माणसं ते पान वाचत आणि रविवारी उपासनेनंतर दोन शब्द बोलत. त्यापलीकडे कोण वाचतं ते त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यामुळे पत्र आलं याचा आधी आनंदच झाला.

पत्रातलं अक्षर मोठं होतं, शाळेतल्या मुलाच्या अक्षरासारखं.

‘कमळबाईंना नीराबाईचा नमस्कार. मी तुमच्यातली न्हाय. तळ्याच्या दवाखान्यात बाकावर तुमचं पुस्तक पडलेलं होतं, ते घरी आणलं. तुमचा लेख तीन वेळा वाचला. मलापण खोकला हाय. टीबी सांगितला हाय, गोळ्या चालू होत्या. तुम्ही केलं तसं मी पण गोळ्या उशाशी ठेवून दिल्या आणि देवावर भार टाकला. आता तीन आठवडे झाले, गोळी घेतली न्हाय. मळमळ गेली. जेवण जातं. तुमचे लय उपकार झाले.’

कमळबाईंनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग फोन उपडा ठेवला आणि सुकट निवडायला घेतली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की निवडलेली आणि न निवडलेली सुकट त्यांनी एकाच सुपात टाकली होती.

तो लेख नोव्हेंबरच्या अंकात आला होता. त्याआधीच्या पावसाळ्यात कमळबाईंना न्यूमोनिया झाला होता आणि त्या नऊ दिवस अलिबागला दवाखान्यात होत्या. पाचव्या दिवशी ताप इतका चढला की नवऱ्याला, जीवनला, डॉक्टरांनी बाहेर बोलावून काही तरी सांगितलं. त्या रात्री कमळबाई फार घाबरल्या. प्रार्थना करायला शब्दसुद्धा सुचेनात. नुसतं ‘प्रभू, आता तूच’ एवढं म्हणत त्या पडून राहिल्या, आणि पहाटे घाम फुटून ताप उतरला. हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. लिहिलेलं चांगलं उतरलं होतं, ते त्यांचं त्यांनाही कळलं होतं.

पहिल्या खर्ड्यात आणखी एक वाक्य होतं. ‘त्या संध्याकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं आणि ते मला लागू पडलं.’ लेख मोठ्यानं वाचून बघताना ते वाक्य भातातल्या खड्यासारखं दाताखाली येत होतं. कमळबाईंनी ते काढून टाकलं. त्याजागी लिहिलं, ‘गोळ्या उशाशी तशाच राहिल्या. मी सगळा भार त्याच्यावर टाकला.’

गोळ्या उशाशी राहिल्या होत्या, हे खरं होतं. गिळायचं त्राणच नव्हतं. पण हाताला सलाईन लावलेलं होतं आणि औषध त्यातून जात होतं.

अंक आल्यावर जीवननं विचारलं होतं, ते डॉक्टरांचं वाक्य कुठं गेलं म्हणून. जीवनचं सगळं आयुष्य आगरदांड्याच्या जेट्टीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं होतं. पुस्तकं तो फारशी वाचत नसे, पण बायकोचं पान पहिल्यांदा तोच वाचायचा. कमळबाईंनी त्याला सांगितलं होतं की जागा पुरली नाही.

त्यांनी सुजितला फोन लावला आणि ते पत्र छापू नकोस असं सांगितलं. सुजितला कारण कळेना. देवाच्या अनुभवाची इतकी सुंदर साक्ष, तीही बाहेरच्या बाईची, असं तो म्हणत राहिला. कमळबाईंनी पत्ता विचारला. पत्रावर नव्हता, पाकिटावर असेल, आणि पाकीट ऑफिसात होतं. सुजित एका शिबिरासाठी नगरला गेला होता. सोमवारी बघून सांगतो म्हणाला. तो दिवस शुक्रवार होता.

शनिवार आणि रविवार कसे गेले ते कमळबाईंना नंतर नीट आठवेना. रविवारी त्या चर्चला गेल्या. गाणी म्हटली, डोळे मिटले, आणि डोळे मिटले की एक अनोळखी बाई गोळ्यांची पट्टी उशाखाली सारताना दिसायची. उपासना संपल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, ईस्टरच्या पवित्र आठवड्यासाठी काही लिहिताय ना. कमळबाई म्हणाल्या, बरं वाटत नाही.

घरी येताना त्यांनी जीवनला सगळं सांगितलं. सलाईनचं सांगितलं, जागा पुरली नव्हती हे खोटं होतं तेही सांगितलं. जीवननं रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली आणि फोनवरचं पत्र वाचलं.

“तारीख बघितलीस का?” त्यानं विचारलं.

पत्राच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत तारीख होती. अकरा जानेवारी. त्या दिवशी एक फेब्रुवारी होता. तीन आठवडे पत्रातले आणि तीन आठवडे पत्र पोचेपर्यंतचे. कमळबाई इतके दिवस फक्त पहिलेच तीन धरून चालल्या होत्या.

सोमवारी दुपारी सुजितनं पत्ता कळवला. नीराबाई म्हात्रे, बोरीचा कोंड, तालुका तळा. फोन नंबर नव्हता.

जावं का, असं त्यांनी पाळकसाहेबांना फोन करून विचारलं. ते चांगले माणूस होते, पण घाबरट होते, आणि घाबरायला त्यांना कारणंही होती. ते म्हणाले की हल्ली दिवस बरे नाहीत, हिंदू घरात आजारी माणसाला भेटायला आपल्यातलं कुणी गेलं की लगेच वेगळा अर्थ निघतो. त्यात लेख आपल्या मासिकातला. दवाखान्याला कळवा आणि गप्प राहा. कमळबाईंनी दवाखान्यालाही फोन केला. तिथल्या मुलीनं पेशंटची माहिती देता येत नाही असं सांगितलं, आणि निरोप लिहून घेतला की नाही ते काही कळलं नाही.

मंगळवारी सकाळी त्या आणि जीवन एसटीनं तळ्याला गेले. गाडीत कमळबाईंनी मनात वाक्यं जुळवून पाहिली. आयुष्यभर मुलांसमोर बोलल्या होत्या, मंडळीसमोर बोलल्या होत्या. त्या दिवशी एकही वाक्य शेवटपर्यंत जाईना. ती बाई जिवंत नसेल तर काय म्हणायचं, इथवर येऊन ते तुटत होतं. तळ्याहून रिक्षा करून ते कोंडावर पोचले. वीस-पंचवीस घरं, भाताची कापलेली शेतं, टोकाला देऊळ. जीवन देवळाच्या पारावर थांबला. दोघं मिळून दारात उभे राहिलो तर घरातले बिचकतील, असं त्याचं म्हणणं पडलं.

नीराबाई ओटीवरच बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. गालफडं बसलेली, हात काठीसारखे झालेले. त्यांच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं आणि त्या त्याला तोंडाजवळ धरून काहीबाही बोलत होत्या. मध्येच तोंड फिरवून त्या खोकल्या आणि परत बाळाकडे वळल्या.

कमळबाई पायरीवरच थबकल्या. पत्रात बाळाबद्दल काही नव्हतं.

त्यांनी नाव सांगितलं तेव्हा नीराबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. लेखावरच्या छोट्या फोटोत तुम्ही जाड दिसता, असं त्या म्हणाल्या. आत हाक मारून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, चटई सरकवली. एवढ्या लांबून माझ्यासाठी आलात, असं त्या दोनदा म्हणाल्या. कमळबाई बसल्या नाहीत.

“नीराबाई, मी लेखात एक गोष्ट लिहिली नाही,” त्या म्हणाल्या. “मला औषध चालू होतं. गोळ्या घेतल्या नव्हत्या, पण हाताला सलाईन होतं, इंजेक्शनं होती. त्यानंच ताप उतरला.”

नीराबाईंचा बाळाला थोपटणारा हात थांबला.

“मंग देवानं काय केलं?”

रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“मी घाबरले होते तेव्हा तो माझ्याजवळ होता. औषधही त्यानंच पोचवलं असं मी मानते. पण मी ते तसं लिहिलं नाही. औषध गाळून टाकलं.”

“कशापायी?”

“वाचायला बरं लागत नव्हतं म्हणून.”

“मंजे खोटं लिवलंत.”

“अर्धं लिहिलं,” कमळबाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “हो. तुमच्यापुरतं ते खोटंच झालं. तुम्ही आजपासून परत गोळ्या घ्या, एवढं सांगायला मी आलेय.”

दारात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. सून, प्रणाली, तिथं उभी होती. किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं पुढे येऊन सासूच्या मांडीवरचं बाळ उचललं.

“आई, तुम्ही गोळ्या घेत न्हाय?”

गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई दर आठवड्याला येऊन रिकाम्या पट्ट्या बघून जायची. पट्ट्या रिकाम्या असायच्या, कारण नीराबाई रोजच्या रोज गोळ्या काढून मागच्या परसात केळीच्या आळ्यात पुरत होत्या. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, खाली बघत. प्रणाली बाळाला छातीशी घट्ट धरून अंगणात जाऊन उभी राहिली. तिथूनच तिनं कमळबाईंना विचारलं की तुम्ही कोण, कुठल्या, आणि आमच्या घरात तुमचं काय काम. दीड महिना माझं पोर दिवसभर यांच्या मांडीवर आहे, असं ती म्हणाली.

तिनं नवऱ्याला फोन लावला. रितेश रोह्याच्या एका कारखान्यात कामाला होता, शनिवारी घरी यायचा. प्रणालीनं सगळं सांगितलं आणि फोन कमळबाईंच्या हातात दिला. पलीकडून रितेश बराच वेळ बोलत होता. तुमच्या लोकांना दुसऱ्यांची आजारी माणसंच सापडतात, असं तो म्हणाला. नाव सांगा, गाव सांगा, मी पोलिसात तक्रार देतो, असं म्हणाला. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“तक्रार करा,” त्या म्हणाल्या. “पण आधी आईंना आज दवाखान्यात न्यायला हवं. आणि बाळालाही दाखवायला हवं.”

मग रितेशनं फोन बायकोला द्यायला सांगितला.

आशाताई आली, दोन रिक्षा आल्या. कमळबाई मागे सरकून उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा नीराबाईंनी रिक्षात बसता बसता म्हटलं, “यांना येऊ दे. डाक्टरला यांनीच सांगायचं.” प्रणालीनं मान वळवली, पण नाही म्हटलं नाही. पुढच्या रिक्षात प्रणाली, बाळ आणि आशाताई बसल्या, मागच्या रिक्षात या दोघी आणि पुढे रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून जीवन.

त्या रस्त्यात नीराबाई जे बोलल्या ते कमळबाईंना पुढे फार दिवस पुरलं. गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या, लघवी लाल व्हायची, अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. कुणाला सांगितलं की सगळे म्हणायचे, घ्यावंच लागतं. “मला थांबायचंच व्हतं,” नीराबाई म्हणाल्या. “तुमचा लेख वाचला आनी थांबले. न्हायतर दुसरं काय तरी निमित्त धरलं असतं.” थोडं अंतर गेल्यावर, बाहेर बघत, त्यांनी आणखी एक सांगितलं. घरात सगळे धीर धर, धीर धर म्हणतात. भीती वाटते असं मात्र कुणी म्हणत नाही. तुम्ही लिहिलं होतं, मी इतकी घाबरले की देवाचं नावसुद्धा आठवेना. “ते वाचून मला बरं वाटलं. ते तरी खरं हाय ना?”

“ते खरं आहे,” कमळबाई म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होती. ती ओरडली नाही, फक्त लिहिताना तिनं एकदा पेन थांबवून कमळबाईंकडे बघितलं. महिन्यापेक्षा जास्त खंड पडला आहे, थुंकी तपासायला पाठवायला हवी, असं तिनं सांगितलं. मध्येच गोळ्या सोडल्या की कधी कधी जंतू त्या गोळ्यांना दाद देत नाहीत, मग औषध बदलावं लागतं, उपचार लांबतो, त्रासही वाढतो. बाळालाही तपासायचं. रिपोर्टला चार-पाच दिवस लागतील. उलट्यांचं कुणी आधी का सांगितलं नाही, त्यावर उपाय असतो, असंही ती म्हणाली.

निघताना कमळबाईंनी प्रणालीला आपला नंबर दिला. तिनं तो घेतला, आपला दिला नाही. आशाताईनं हळूच प्रणालीचा नंबर लिहून दिला.

घरी आल्यावर कमळबाईंनी लिहायची वही कपाटात सर्वांत खाली, जुन्या चादरींच्या घडीखाली ठेवली. सुजितला कळवलं की पुढच्या महिन्यापासून माझं पान बंद कर, दुसऱ्या कुणाला दे. कारण लिहिलं नाही. सुजितचे तीन फोन आले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्या शिकवायच्या तेव्हा एखाद्या मुलाचं गणित चुकलं तर फळा पुसता यायचा. हजार प्रती कुठं कुठं गेल्या असतील, कुठल्या बाकावर, कुठल्या घरात पडल्या असतील, हे त्या आता रोज मोजल्यासारखं मनात घोळवत. एक नीराबाई पत्र लिहिते. न लिहिणाऱ्या किती असतील?

दिवसातून एकदा, सकाळी दहाला, त्या प्रणालीला फोन लावत. पहिले दोन दिवस तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘रिपोर्ट आला न्हाय.’ चौथ्या दिवशीही तोच. पाचव्या दिवशी काहीच नाही. कमळबाईंचं जेवण तुटलं. दारात कुणाची मोटरसायकल थांबली की त्यांना वाटे पोलीस आले. तशी एकदा थांबलीही. तो गॅस सिलिंडरवाला होता. रात्री त्यांना प्रार्थना जमेना. आपण देवाशी बोलायला लागलो की त्यातूनही लेखाचं वाक्य तयार होतं, याची त्यांना किळस आली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी जीवन जेट्टीवरून आला. दिघीच्या लाँचची शेवटची फेरी यायची होती आणि कमळबाई दिवा न लावता बसल्या होत्या. तो शेजारी बसला. पान बंद करायचं कळवलं हे त्यांनी त्याला तेव्हा सांगितलं. हे आपलं काम नव्हे, कुणाचा तरी जीव जाईल आपल्या हातून, असं त्या म्हणाल्या. जीवननं समजूत घातली नाही.

“बंद केलंस तर तू शेवटचं लिहिलेलं काय राहील?” त्यानं विचारलं.

कमळबाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं.

“तोच लेख राहील,” जीवन म्हणाला. “जे वाचतील ते तोच वाचतील. त्याच्यानंतर काही नाही.”

जीवननं उठून दिवा लावला आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा फोन लावायच्या आधीच त्यांनी वही काढली. रिपोर्ट अजून आलेला नव्हता. तो वाईट आला तर हे लिहिणं आणखी अवघड होईल आणि चांगला आला तर कदाचित लिहायची गरजच वाटणार नाही, हे दोन्ही त्यांना दिसत होतं. म्हणून आजच. पहिलं वाक्य लिहायला दीड तास गेला. ‘नोव्हेंबरच्या अंकात मी माझ्या आजाराबद्दल लिहिलं, त्यात मला दिलेलं औषध लिहिलं नाही.’ हे वाक्य अजिबात चांगलं नव्हतं. त्यांनी ते तसंच ठेवलं. पुढे इंजेक्शनचं लिहिलं, सलाईनचं लिहिलं, वाक्य का गाळलं ते लिहिलं. नाव न घेता नीराबाईंचं लिहिलं. ज्यांनी कुणी तो लेख वाचून औषध सोडलं असेल त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडे जावं, असं लिहिलं. देव माझ्याजवळ होता, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे, पण मी त्याची बाजू घ्यायला निघाले आणि डॉक्टरांना पुसून टाकलं, त्यानं मला असं करायला सांगितलं नव्हतं, असं लिहिलं. मोठ्यानं वाचून बघितलं नाही.

ते पान त्यांनी सुजितला पाठवलं. अर्ध्या तासात त्याचा फोन आला आणि या वेळी त्यांनी तो घेतला. सुजित दुखावला होता. तो म्हणाला, बाई, तुम्ही काय लिहिलंय याचा विचार केलात का, बाहेरचे लोक हेच पान घेऊन आपल्याला दाखवतील, साक्षी सगळ्या अशाच असतात म्हणतील. मंडळीतले साधे लोक डगमगतील. एकट्या त्या बाईला सांगितलंत ना, मग झालं. कमळबाईंनी ऐकून घेतलं. त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं, हीच अडचण होती.

“सुजित, एकीनं पत्र लिहिलं म्हणून मला कळलं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना मी कुठं शोधू?”

विश्वस्तांना विचारतो, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

प्रणालीचा फोन आठव्या दिवशी दुपारी आला. आपणहून आला, म्हणून उचलताना कमळबाईंच्या हातून तो एकदा निसटला. प्रणाली सरळ मुद्द्यावर आली. रिपोर्ट आलाय. गोळ्या चालतात म्हणाली डॉक्टर, जंतू बिघडलेले न्हायत. परत पहिल्यापासून सहा महिने घ्यायच्या. बाळाला काही न्हाय, पण त्याला पण सहा महिने औषध दिलंय, होऊ नये म्हणून. उलट्यांसाठी वेगळी गोळी दिलीय, ती आधी घ्यायची. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. कमळबाईंना विचारायचं होतं की रितेशचं काय, पण प्रणालीच म्हणाली, “हे अजून रागातच हायत. तुम्ही घरी येऊ नका सध्या.” कमळबाई म्हणाल्या, बरं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ रडल्या आणि रडताना प्रार्थना होऊन गेली, ती त्यांना कळलीही नाही.

विश्वस्तांपैकी दोघांनी विरोध केला. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, मथळा न देता छापू, असं ठरलं. कमळबाईंनी कळवलं की लेख जिथं छापला होता तिथंच हे छापा, तेवढ्याच अक्षरात, नाहीतर मी ते मंडळीत उभी राहून वाचून दाखवीन आणि फोनवरून सगळ्यांना पाठवीन. सहा वर्षांत त्या संपादकाशी असं कधी बोलल्या नव्हत्या. मार्चच्या अंकात ते त्यांच्या नेहमीच्या पानावर आलं. सुजितनं त्यातलं एकही वाक्य कापलं नव्हतं. त्यानं आधी कळवलंही नव्हतं.

त्यानंतरचा रविवार सोपा नव्हता. उपासनेनंतर काही जण बोलले नाहीत. एक जुने गृहस्थ म्हणाले की तुम्ही आमच्या विश्वासाला ठेच लावलीत. पाळकसाहेबांनी हात हातात घेतला, पण इकडे तिकडे बघून. पत्रं आली ती अकरा. चौघांनी दोष दिला, एकानं वर्गणी बंद केली. पनवेलच्या एका बाईनं विचारलं होतं की मी रक्तदाबाची गोळी गेल्या डिसेंबरपासून एक दिवसाआड घेतेय, आता रोज घेऊ का? कमळबाईंनी त्याच दिवशी तिला फोन केला आणि तिच्या मुलाशीही बोलल्या. दुसऱ्या कुणाचं पत्र यायचं राहिलं असेल, ही धास्ती तेव्हापासून राहिली ती राहिलीच.

पान मात्र त्यांनी सोडलं नाही. एप्रिलसाठी त्यांनी जेट्टीवर मासे विकणाऱ्या ठमाबाईबद्दल लिहिलं. नवरा गेल्यावर ती वर्षभर देवावर रुसली होती, आणि रुसवा कसा गेला ते तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. कमळबाईंनी तो कसा गेला ते लिहिलं नाही, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. पूर्वी त्यांनी शेवटी काहीतरी घातलं असतं. लेख आखूड झाला. सुजितनं विचारलं, हे इथंच संपतं का? त्या म्हणाल्या, हो.

दर सोमवारी प्रणाली रिकाम्या पट्ट्यांचा फोटो पाठवायची, बाकी एक शब्द नाही. जूनमध्ये एका फोटोखाली पहिल्यांदा दोन ओळी आल्या. आई विचारतात, या महिन्याचं पुस्तक पाठवाल का? दवाखान्यात आता ठेवत न्हायत.

कमळबाईंनी अंक पाकिटात घातला, पत्ता लिहिला. पाकीट बंद करायच्या आधी त्यांनी तो परत बाहेर काढला आणि आपलं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एका अनोळखी आजारी बाईच्या डोळ्यांनी वाचून पाहिलं. दोन ठिकाणी वेगळा अर्थ निघेल असं वाटून त्या थांबल्या. छापलेलं आता बदलता येणार नव्हतं. त्यांनी समासात पेनानं, नीराबाईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या, मग पाकीट चिकटवलं आणि चप्पल घालून पोस्टात गेल्या.